अमळनेरचा पिता : साने गुरुजी

साने गुरुजींचें नांव निघालें कीं महाराष्ट्राला त्यांची आई आठवते. १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत त्यांनीं ‘श्यामची आई’ लिहिली, आणि मातृभक्त म्हणूनच ते घरोघर ओळखले जाऊं लागले. आम्हां खानदेशवासीयांना मात्र त्यांचें दुसरें रूप अधिक जवळचें वाटतें, तें पित्याचें. ज्यांनीं संसार मांडला नाहीं त्यांना पिता कां म्हणावें, असें कोणी विचारील. पण अविवाहित धर्मगुरूंना फादर म्हणून हांक मारीत वाढलेल्या आमच्या वाचकांना तरी हा प्रश्न पडूं नये.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजीं कोंकणांत पालगड येथें झाला. घराणें खोताचें, पण वैभव ओसरलेलें. शिक्षण मोठ्या हालांत झालें. १९२४ सालीं ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक झाले व पुढें तेथील छात्रालय त्यांच्याकडे आलें.

घर सोडून आलेल्या त्या मुलांना अधीक्षक म्हणजे धाक, एवढेंच ठाऊक असावें. गुरुजींनीं हातांत छडी घेतली नाहीं, केरसुणी घेतली. मुलांच्या नकळत त्यांच्या खोल्या झाडाव्या, पसरलेल्या अंथरुणांच्या घड्या घालाव्या, मळके कपडे धुवून वाळत घालावे, आजाऱ्याच्या उशाशीं बसावें. आणि याबद्दल एक शब्दही बोलूं नये. मुलें ओशाळलीं व आपापलीं कामें आपण करूं लागलीं. मुलांसाठीं ते ‘छात्रालय’ नांवाचें दैनिकही स्वतःच्या हातानें लिहून काढीत. छडीचा वळ चार दिवसांत जातो. धुवून ठेवलेला सदरा पाहून वाटलेली लाज मात्र जन्मभर पुरते, असें आम्हांस वाटतें. उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तांतला बाप हिशेब विचारीत नाहीं, धांवत सामोरा जातो. गुरुजी ख्रिस्ती नव्हते. तरी त्या स्वर्गीय पित्याच्या प्रीतीचें प्रतिबिंब अमळनेरच्या छात्रालयांत पडलें होतें, असें म्हणावयास आम्हांला संकोच वाटत नाहीं.

१९३० सालीं देशासाठीं त्यांनीं शाळा सोडली, जीव लावलेलीं मुलें सोडलीं. मग तुरुंगवास सुरू झाला. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांनीं रविवारीं गीतेवर प्रवचनें केलीं, तीं उतरून घेणारा हात गुरुजींचाच होता.

पण त्यांच्या पितृहृदयाची खरी कसोटी पंढरपुरांत लागली. बाप एकच असतां त्याच्या घराचें दार एका लेंकराला उघडें आणि दुसऱ्याला बंद, हें त्यांना सोसवेना. विठ्ठलमंदिर अस्पृश्य बांधवांना खुलें व्हावें म्हणून महाराष्ट्रभर दौरा करून १ मे १९४७ रोजीं त्यांनीं उपोषण आरंभिलें. दहाव्या दिवशीं तें सुटलें आणि मंदिराचें दार उघडण्याचा मार्ग मोकळा झाला. आपल्या देवळांतही कोणी जात पाहून बांकावर सरकून बसत असेल, तर हे दहा दिवस त्यानें मनांत आणावे.

अखेरच्या काळांत आपली पुतणी सुधा हिला ते पत्रें लिहीत. तीं ‘सुंदर पत्रें’ या नांवानें प्रसिद्ध आहेत. ११ जून १९५० रोजीं, वयाच्या पन्नासाव्या वर्षीं, त्यांचें निधन झालें. ज्यांचीं अंथरुणें त्यांनीं घडी करून ठेवलीं होतीं त्यांतल्या पुष्कळांच्या घरीं तोंवर स्वतःचीं मुलें शाळेंत जाऊं लागलीं असतील.