फॉग ॲलन : पेरणारा प्रशिक्षक

यंदाच्या हंगामात आमच्या महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघाने सात सामने खेळले. दोन जिंकले, पाच हरले. मी संघातला खेळाडू खरा, पण वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून गुणांची वहीही माझ्याकडेच असते. हंगाम संपल्यावर सरांनी मला दोन कामे सांगितली. पहिले, वहीवरून हंगामाचा आढावा लिहून काढणे. दुसरे, पी.यू.सी. होऊन नव्याने आलेल्या मुलांच्या वर्गांत फिरून पुढच्या वर्षासाठी दोन-तीन उंच मुले शोधणे. पहिले काम मी एका रात्रीत उरकले. दुसरे काही केल्या मनावर घेववेना. मी अंतिम वर्षाला. आज शोधलेली मुले तयार होतील तेव्हा मी कुठल्यातरी कचेरीत व्हाउचरे तपासत बसलेला असेन. ज्या संघात मी नसणार, त्यासाठी मी वणवण का करावी, हा माझा सरळ व्यापारी प्रश्न होता.

याच दिवसांत या खेळाच्या इतिहासाविषयी वाचताना मला एक माणूस भेटला. तो १९७४ साली वारला. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाच्या संघाला त्याने ३९ हंगाम शिकवले, आणि आयुष्यातला सर्वांत मोठा खेळाडू मिळवल्यावर एकही सामना त्या खेळाडूसह खेळवण्याआधी त्याला निवृत्त व्हावे लागले. माझ्या प्रश्नाला उत्तर द्यायला याच्याइतका अधिकारी माणूस दुसरा कोण असणार? म्हणून वाचकहो, आढाव्याऐवजी त्याचे चरित्रच आपल्यापुढे ठेवतो.

फॉरेस्ट क्लेअर ॲलन यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८५ रोजी मिसूरी राज्यातील जेम्सपोर्ट या गावी झाला. बालपण त्याच राज्यातील इंडिपेन्डन्स गावात गेले. घरात सहा भाऊ, आणि सहाही खेळाडू. भावाभावांचाच एक बास्केटबॉल संघ होता. तरुणपणी फॉरेस्ट बेसबॉलच्या सामन्यांत पंच म्हणून उभे राहत. त्यांचा आवाज असा दणदणीत की धुक्यात जहाजांना इशारा देणाऱ्या भोंग्याची आठवण व्हावी. इंग्रजीत धुक्याला फॉग म्हणतात, म्हणून लोक त्यांना फॉग म्हणू लागले, आणि तेच नाव जन्मभर टिकले.

त्या काळी बास्केटबॉल हा अगदी कोवळा खेळ होता. स्प्रिंगफील्ड येथील वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने डिसेंबर १८९१ मध्ये सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या टोपल्या ठोकून आणि तेरा नियम लिहून तो सुरू केला. हिवाळ्यात बाहेर खेळता येत नाही, तेव्हा मुलांना घरात दमवायचे, एवढाच हेतू. आपल्याकडे हा खेळ पसरला तोही वाय.एम.सी.ए.च्याच वाटेने. १९२० साली मद्रासला शारीरिक शिक्षणाची शाळा काढणारे हॅरी क्रो बक हे त्याच स्प्रिंगफील्डचे विद्यार्थी. आपल्या मैदानावर उभे असलेले दोन खांब त्या टोपल्यांचे असे पणतू-खापरपणतू आहेत.

नेस्मिथ १८९८ साली कॅन्सस विद्यापीठात आले. तेथे त्यांनी नऊ हंगाम संघ सांभाळला. ५५ सामने जिंकले आणि ६० हरले. गंमत पाहा, कॅन्ससच्या आजवरच्या सर्व प्रशिक्षकांत ज्यांचे पराभव विजयांहून जास्त आहेत असे एकटे नेस्मिथच, म्हणजे खेळाचे जनक! त्यांना त्याचे काही वाटत नसे. हा खेळ खेळायचा असतो, शिकवायचा नसतो, असे त्यांचे मत होते आणि तरुण ॲलन यांनाही त्यांनी तेच ऐकवले असे सांगतात. ॲलन नेस्मिथ यांच्या हाताखाली खेळले, त्यांना जन्मभर गुरू मानले, पण गुरूचे हे एक वचन मात्र त्यांनी मानले नाही. खेळ शिकवता येतो, आणि शिकवणे हा एक पेशा होऊ शकतो, हे सिद्ध करण्यात त्यांचे आयुष्य गेले.

शेजारच्या बेकर विद्यापीठाचा संघ त्यांनी विद्यार्थिदशेतच हाती घेतला होता. १९०७ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते कॅन्ससमध्ये गुरूच्या जागी आले. दोन हंगामांनंतर ते मध्येच थांबले आणि ऑस्टिओपॅथी, म्हणजे हाडे व स्नायू हाताने दाबून-चोळून उपचार करण्याची विद्या, शिकून आले. या शिक्षणाचा त्यांच्या खेळाडूंना पुढे फार उपयोग झाला. मुरगळलेला घोटा घेऊन येणाऱ्या मुलाला प्रशिक्षक आणि वैद्य एकाच माणसात सापडत. मिसूरीतील वॉरेन्सबर्गच्या अध्यापक महाविद्यालयात सात वर्षे काढून ते १९१९ साली कॅन्ससला परतले ते कायमचे.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे, म्हणजे हिशोबाकडे वळतो. कॅन्ससमध्ये ॲलन यांच्या खात्यावर ५९० विजय आणि २१९ पराभव आहेत. सर्व महाविद्यालये धरून विजयांचा आकडा ७४६ होतो. आपल्या विभागाचे अजिंक्यपद त्यांनी कॅन्ससला २४ वेळा मिळवून दिले. १९२७ साली नियम करणाऱ्या मंडळाने ड्रिबल जवळजवळ बंद करण्याचा घाट घातला, तेव्हा त्यांनी देशभरचे प्रशिक्षक एकत्र करून त्याला विरोध केला. त्यातूनच बास्केटबॉल प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना जन्मली आणि ॲलन तिचे पहिले अध्यक्ष झाले. तो नियम तेव्हा झाला असता, तर आज आपण चेंडू आपटत धावू शकलो नसतो. ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल यावा म्हणूनही त्यांनी अनेक वर्षे खटपट केली. १९३६ साली बर्लिनला तो आला, आणि तो पाहण्यासाठी वृद्ध नेस्मिथ यांना प्रशिक्षकांनी वर्गणी जमवून पाठवले. शिष्याने गुरूला दिलेली याहून चांगली गुरुदक्षिणा मला तरी ठाऊक नाही.

परंतु हंगामाचा आढावा एक गोष्ट आणि पुढच्या हंगामाची भरती दुसरी. अमेरिकेत महाविद्यालयाचे प्रशिक्षक शाळाशाळांतून हिंडून चांगले खेळाडू हेरतात, त्यांच्या घरी जातात, शिष्यवृत्ती देऊ करतात. एका मुलामागे अनेक विद्यापीठे लागतात. ज्याची भरती चांगली, त्याचा हंगाम चांगला. ॲलन या विद्येत निष्णात होते. इंडियाना राज्यातील टेरे होट गावचा सहा फूट नऊ इंचांचा क्लाइड लव्हेलेट हा मुलगा त्याच्याच राज्यातील विद्यापीठात जायचा. ॲलन यांनी त्याला कॅन्ससला ओढून आणले. तू आलास तर आपण देशाचे अजिंक्यपद जिंकू आणि पुढे ऑलिंपिकला जाऊ, असा शब्द त्यांनी त्याला दिला होता असे सांगतात. शब्द देणे सोपे, पण हा खरा झाला. १९५२ साली सिअ‍ॅटलच्या अंतिम सामन्यात कॅन्ससने सेंट जॉन्सला ८०-६३ असे हरवले, त्यांतले ३३ गुण एकट्या लव्हेलेटचे होते. त्याच उन्हाळ्यात हेलसिंकीला सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकन संघात कॅन्ससचे सात खेळाडू होते आणि ॲलन साहाय्यक प्रशिक्षक होते. पुढच्याच वर्षी, लव्हेलेट व त्याचे सोबती पदवी घेऊन गेल्यावरही, संघ पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचला आणि इंडियानाकडून ६९-६८ असा एका गुणाने हरला.

ताळेबंद लिहायचा तर नावेची बाजूही लिहिली पाहिजे, नाहीतर तो खोटा ठरतो. १९३३ साली जॉन मॅक्लेंडन हा कृष्णवर्णीय तरुण कॅन्ससमध्ये शिकायला आला. नेस्मिथ यांनी त्याला आपल्या पंखाखाली घेतले, पण विद्यापीठाच्या संघात त्याला प्रवेश नव्हता, कारण तेव्हा तो संघ फक्त गोऱ्यांचा होता. त्या वेळी प्रशिक्षक ॲलनच होते. मॅक्लेंडन पुढे स्वतः नामवंत प्रशिक्षक झाले आणि खेळाच्या कीर्तिमंदिरात जाऊन बसले. पण कॅन्ससच्या वहीत खेळाडू म्हणून त्यांचे नाव नाही ते नाहीच. ज्या माणसाने राज्याबाहेर जाऊन मुले शोधली, त्याच्या दारात आलेला एक मुलगा तसाच राहिला. ही नोंद खोडता येत नाही.

वीस वर्षांनी काळ पालटला होता. १९५५ साली फिलाडेल्फियाच्या ओव्हरब्रुक हायस्कूलमध्ये विल्ट चेंबरलेन नावाचा सात फूट एक इंचाचा कृष्णवर्णीय मुलगा होता. दोनशेहून अधिक महाविद्यालये त्याच्या मागे होती. ॲलन त्या वेळी सत्तरीला टेकलेले. विल्टचे मन वळवण्याच्या कामी त्यांनी कॅन्सस सिटीच्या कृष्णवर्णीय समाजातील प्रतिष्ठितांची मदत घेतली, आणि सर्वांना मागे टाकून मुलगा मिळवला. या भरतीलाही एक डाग आहे. विल्टला मिळालेल्या मोटारीवरून राष्ट्रीय संघटनेने १९६० साली कॅन्ससवर कारवाई केली. विल्टलाही त्या प्रांतात आल्यावर कळले की कृष्णवर्णीयांना हॉटेलांतून अजून परत पाठवतात. संघाचा दरवाजा उघडला होता, गावाचे सगळे दरवाजे नव्हते.

आणि आता नियमांचा खेळ. त्या काळी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघातून खेळता येत नसे. म्हणजे विल्टला १९५५-५६ चा हंगाम बाहेर बसून काढणे भाग होते. दुसरा नियम असा की राज्याच्या नोकराने सत्तराव्या वर्षी निवृत्त झालेच पाहिजे. ॲलन यांना नोव्हेंबर १९५५ मध्ये सत्तर पूर्ण झाली. त्याच महिन्यात पहिल्या वर्षाच्या मुलांचा सामना मुख्य संघाशी झाला. पहिल्या वर्षाच्या पोरांनी तो ८१-७१ असा जिंकला, विल्टने ४२ गुण केले. ॲलन यांनी स्वतः शिकवलेला संघ स्वतःच शोधलेल्या मुलाने हरवला! त्या दिवशी त्या म्हाताऱ्याला दुःख झाले असेल की आनंद? मला वाटते, असा पराभव कुठल्याही शिक्षकाला हवाहवासा वाटावा.

त्यांनी मुदतवाढीसाठी प्रयत्न केले, पण नियम वाकला नाही. शेवटच्या हंगामात १४ विजय आणि ९ पराभव, एवढ्यावर त्यांचे खाते बंद झाले. त्यांचे जुने विद्यार्थी आणि साहाय्यक डिक हार्प गादीवर आले. डिसेंबर १९५६ मध्ये विल्टने मुख्य संघातून पहिला सामना खेळला आणि ५२ गुण केले. १९५७ साली संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि तीन जादा डावांनंतर नॉर्थ कॅरोलायनाकडून ५४-५३ असा हरला. पुन्हा एकच गुण! ॲलन असते तर निकाल फिरला असता का, यावर कितीही वाद घालता येईल. वहीत मात्र ५४-५३ च राहील.

निवृत्तीनंतर ॲलन लॉरेन्स गावातच राहून ऑस्टिओपॅथीचे उपचार करीत राहिले. १६ सप्टेंबर १९७४ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी ते वारले. १ मार्च १९५५ रोजी उघडलेले कॅन्ससचे मोठे क्रीडागृह त्यांच्याच नावाने ओळखले जाते, आणि त्यातील कोर्टला नाव आहे नेस्मिथ यांचे. गुरूच्या नावाच्या जमिनीवर शिष्याच्या नावाचे छप्पर. त्यांच्या हाताखालचे ॲडॉल्फ रप पुढे केंटकीला गेले आणि त्यांनी ॲलन यांचा विजयांचा विक्रम मोडला. १९५२ च्या संघात राखीव म्हणून बसणारा डीन स्मिथ नॉर्थ कॅरोलायनाचा प्रशिक्षक झाला आणि त्याने रप यांचा विक्रम मोडला. आणि विल्ट? तो जानेवारी १९९८ मध्ये, चाळीस वर्षांनी, त्याच क्रीडागृहात आला, तेव्हा त्याचा गणवेश सन्मानाने तेथे टांगण्यात आला. हे पाहायला ॲलन नव्हते.

हे सर्व वाचून झाल्यावर मी वर्गांत फिरलो. सहा फूट दोन इंचांचा एक मुलगा सापडला. खेड्यातून येणारा, कन्नड माध्यमाचा, आजवर फक्त व्हॉलीबॉल खेळलेला. मी त्याच्याशी कन्नडमध्येच बोललो. त्याची अडचण साधी होती. आमचा सराव संपतो तोवर त्याच्या गावची शेवटची बस निघून जाते. मी सरांना भेटून आठवड्यातले तीन दिवस सराव सकाळी घेण्याची विनंती केली. सरांनी मान्य केली. गेल्या सोमवारी तो आला, पहिले चार चेंडू फळ्यावरून बाहेर गेले, पाचवा आत पडला. वहीत मी त्याचे नाव लिहिले, तेव्हा माझ्या नावापुढची रकाने यापुढे कोरीच राहणार हे दिसत होते.

आढाव्याच्या शेवटी मी दोन विजय, पाच पराभव असे लिहिले होते. आता त्याखाली, आपल्या खतावणीत लिहितात तसे, आणखी एक वाक्य लिहिले आहे : शिल्लक पुढील वर्षी नेली.