रहीमसाहेब: शाळामास्तर, ज्यांनी हिंदुस्थानला फुटबॉल शिकवला

जुलै 1952. हेलसिंकीचं ऑलिम्पिक. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव तिथं कुस्तीत कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. ही गोष्ट आपल्याकडच्या पोराटोरांनाही पाठ आहे. पण त्याच ऑलिम्पिकमध्ये, खाशाबांच्या कुस्तीच्या काही दिवस आधी, आपल्या फुटबॉल संघाचं काय झालं हे फारसं कुणाला माहीत नसतं. युगोस्लाव्हियानं आपल्याला 10-1 असं धुतलं. थंडी, ओलं मैदान, आणि आपले बरेच खेळाडू अनवाणी. त्या संघाचे प्रशिक्षक होते हैदराबादचे एक शाळामास्तर, सय्यद अब्दुल रहीम.

दुसरा कुणी असता तर घरी येऊन तोंड लपवून बसला असता. रहीमसाहेब तिथं डोळे उघडे ठेवून बसले. हंगेरीचा संघ त्या वेळी जगाला वेड लावत होता. त्यांचा सेंटर फॉरवर्ड पुढं न थांबता मागं यायचा आणि समोरच्या बचावपटूला कळायचंच नाही की आता याच्या मागं जायचं की जागेवर राहायचं. रहीमसाहेबांनी ते डोक्यात साठवून आणलं. पुढच्या दहा वर्षांत भारतीय फुटबॉलनं जे काही कमावलं, त्याची सुरुवात या 10-1 पासून आहे असं मला वाटतं.

रहीमसाहेबांचा जन्म 17 ऑगस्ट 1909 चा, हैदराबादचा. निजामाचं राज्य होतं. आपला सगळा मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात. उस्मानिया विद्यापीठात ते शिकले, तिथल्या संघातून खेळले, नंतर कमर क्लबकडून स्थानिक लीगमध्ये खेळले. पदवी झाल्यावर मास्तरकी धरली. काचीगुडा मिडल स्कूल, उर्दू शरीफ स्कूल, दारुल उलूम हायस्कूल, चादरघाट हायस्कूल अशा शाळांतून शिकवलं. मध्ये शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि शाळेतल्या खेळांची जबाबदारी अंगावर घेतली. म्हणजे आजच्या भाषेत पीटीचे सर. सगळं आयुष्य ते मुळात हेच राहिले. खेळाडूला खेळाडू म्हणून नाही, विद्यार्थी म्हणून बघायची सवय त्यांना इथं लागली.

1943 ला ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सेक्रेटरी झाले आणि मरेपर्यंत ते पद त्यांच्याकडे होतं. सेक्रेटरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हार घातलेला, खुर्ची उबवणारा माणूस येतो. हे गृहस्थ मात्र स्पर्धांचे नियमच बदलत बसले. त्या काळी आपल्याकडं ज्याला बॉल मिळाला तो एकटाच नाचत पळायचा आणि लोकही त्यालाच वाहवा द्यायचे. रहीमसाहेबांनी ड्रिबलिंगवर बंदी असलेल्या स्पर्धा भरवल्या. बॉल आला की पास द्यायचा, बस्स. मग आणखी एक काढलं: ज्या पायानं खेळता येत नाही त्याच पायानं खेळायच्या स्पर्धा. उजव्या पायाच्या पोरांनी डाव्यानं मारायचं. ऐकायला गंमत वाटते, पण दोन वर्षं असं खेळलेल्या पोराला दोन्ही पाय सारखेच होतात. यात खर्च काय? काहीच नाही. बॉल तोच, मैदान तेच, नियम फक्त वेगळा.

1948 च्या सप्टेंबरमध्ये पोलीस ॲक्शन झाली आणि हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं. त्या दिवसांत तिथल्या मुस्लिम समाजाची काय अवस्था होती ते मराठवाड्यातल्या जुन्या घरांना ठाऊक आहे. नोकऱ्या गेल्या, माणसं गेली, आणि उरलेल्यांकडं लोक संशयानं बघायला लागले. अशा वेळी, अवघ्या दोन वर्षांत, हैदराबाद सिटी पोलीस हा संघ देशासमोर येतो ही साधी गोष्ट नाही. संघात मुस्लिम पोरं भरपूर, सोबत हिंदू, ख्रिश्चन. पोलिसात भरती झाली की पगार सुरू, आणि खेळ चांगला असला तर भरती सोपी. गरीब मोहल्ल्यातल्या पोरासाठी फुटबॉल हा पोटापाण्याचा रस्ता झाला. प्रशिक्षक रहीमसाहेब.

1950 ला दिल्लीत ड्युरँड कपच्या अंतिम फेरीत या पोलिसांनी मोहन बागानला हरवलं. कलकत्त्याचा तो बडा क्लब, आणि समोर हैदराबादचे हवालदार! त्याच वर्षी मुंबईत कूपरेजच्या मैदानावर रोव्हर्स कप जिंकला. 1951 ला पुन्हा. 1952 ला पुन्हा. 1953, 1954... सलग पाच वर्षं. रोव्हर्स कप 1891 पासूनची स्पर्धा. सुरुवातीची कित्येक वर्षं ती गोऱ्या पलटणींचीच होती. 1937 ला बंगलोर मुस्लिम्सनं ती पहिल्यांदा हिंदी माणसाच्या हातात आणली, आणि आता हैदराबाद पोलिसांनी ती जणू घरीच नेऊन ठेवली.

राष्ट्रीय संघाचं काम याच सुमारास त्यांच्याकडं आलं. 1951 च्या मार्चमध्ये दिल्लीत पहिले आशियाई खेळ झाले. अंतिम सामन्यात इराणला 1-0 हरवून सुवर्ण. गोल साहू मेवालालचा, कप्तान शैलेन मन्ना. मग पुढच्या वर्षी हेलसिंकी, ते वर आलंच आहे. तिथून आल्यावर फेडरेशननं बूट सक्तीचे केले.

आता एक छोटीशी गोष्ट सांगतो, कारण रहीमसाहेब कसे होते ते पदकांपेक्षा यातून जास्त कळतं. सिकंदराबादकडचा तुलसीदास बलराम नावाचा पोरगा. घरची अत्यंत गरिबी. खेळ बघून रहीमसाहेबांनी त्याला सरावाला बोलावलं. रोज हैदराबादला यायचं तर पैसे कुठून आणायचे? त्याच्याकडं सायकलही नव्हती. रहीमसाहेबांनी सायकल भाड्यानं घ्यायला पैसे दिले. हाच बलराम पुढं मेलबर्न, रोम आणि जकार्ता तिन्हीकडं भारतासाठी खेळला आणि देशाच्या सर्वोत्तम फॉरवर्डपैकी एक ठरला. त्या सायकलीचं भाडं किती असेल, काही आणे?

1956 चं मेलबर्न ऑलिम्पिक. हेलसिंकीच्या जखमेवर इथं मलम लागलं. संघात हैदराबादची पोरं भरपूर: अझीझुद्दीन, नूर मोहम्मद, झुल्फिकारुद्दीन, बलराम, गोलकीपर पीटर थंगराज. कप्तान बंगालचा समर बॅनर्जी. पहिल्या फेरीत हंगेरी आलीच नाही, त्यामुळं आपण न खेळता पुढं गेलो, हे खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. पण पुढं यजमान ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच मैदानावर 4-2 हरवलं ते काही नशिबानं नाही. मुंबईत खेळणाऱ्या गोव्याच्या नेव्हिल डिसोझानं तीन गोल मारले. ऑलिम्पिकमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य सामन्यात पुन्हा समोर युगोस्लाव्हिया. चार वर्षांपूर्वी ज्यांनी दहा मारले तेच. डिसोझानं आधी गोल मारून भारताला पुढं नेलं, आणि थोडा वेळ तरी हिशोब चुकता झाल्यासारखं वाटलं असेल. शेवटी 4-1 नं हरलो, मग कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाकडून 3-0. चौथा नंबर. ऑलिम्पिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत जाणारा आशियातला पहिला संघ मात्र आपलाच.

1956-57 आणि 1957-58 अशी लागोपाठ दोन वर्षं हैदराबादनं संतोष ट्रॉफी जिंकली. ब्राझीलचा 4-2-4 चा खेळ 1958 च्या वर्ल्ड कपनंतर जगभर गाजला. रहीमसाहेब त्याच सुमारास, काहींच्या मते त्याच्याही आधी, तशी रचना खेळवत होते. कोण आधी आणि कोण नंतर यावर भांडण्यात मला रस नाही. मुद्दा असा की या रचनेत मधल्या फळीत दोनच हाफबॅक राहतात, सगळ्या मैदानाचा बोजा त्या दोघांवर पडतो. ज्या पोरांना दोन्ही पाय चालतात आणि बॉल धरून न ठेवता सोडता येतो, त्यांनाच हे जमतं. म्हणजे त्या जुन्या डाव्या पायाच्या स्पर्धांचं फळ इथं आलं.

1960 च्या रोम ऑलिम्पिकमध्ये गट अवघड होता. हंगेरीकडून 2-1 नं हार, फ्रान्सशी 1-1 बरोबरी, पेरूकडून 3-1 नं हार. त्या संघात एक तरुण हाफबॅक होता, सय्यद शाहिद हकीम. रहीमसाहेबांचा सख्खा मुलगा. बापानं त्याला संघासोबत नेलं आणि एकाही सामन्यात उतरवलं नाही. आज आपल्याकडं तालुक्याच्या संघातसुद्धा कुणाचा पोरगा कुठं बसतो ते सगळे बघतातच.

मग जकार्ता, 1962. तोवर रहीमसाहेबांना फुप्फुसाच्या कॅन्सरनं ग्रासलं होतं. सिगारेट फार ओढायचे. तब्येत ढासळत चालली होती, तरी ते संघ घेऊन गेले. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून 2-0 नं हरलो. थायलंडला 4-1 नं हरवलं, पण त्यात बचावाचा कणा असलेल्या जर्नेल सिंगचं डोकं फुटलं. टाके पडले. जपानला 2-0. आता उपांत्य सामना, दक्षिण व्हिएतनामशी. टाके पडलेल्या जर्नेलला बाहेर बसवावं हे कुणीही सांगितलं असतं. रहीमसाहेबांनी त्याला खेळवलं, तेही बचावात नाही तर सेंटर फॉरवर्ड म्हणून! जर्नेलनं गोल मारला, आपण 3-2 नं जिंकलो.

बाहेर वातावरण भयंकर तापलेलं. यजमान इंडोनेशियानं इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिलं नव्हतं, आणि त्यावर आशियाई खेळ महासंघातले भारतीय पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी हरकत घेतली होती. लोक चिडले, भारतीय वकिलातीवर हल्ला झाला. भांडण अधिकाऱ्यांचं, पण रस्त्यावरून बसमधून जायचं होतं खेळाडूंना. 4 सप्टेंबरला अंतिम सामना होता, स्टेडियममध्ये लाखाच्या घरात माणूस आणि बहुतेक सगळे भारताच्या विरोधात ओरडणारे. त्या गर्दीत पाकिस्तानचा हॉकी संघ मात्र आपल्या पोरांना प्रोत्साहन देत होता, असं आपल्या खेळाडूंनी पुढं अनेकदा सांगितलं.

अंतिम सामन्याआधी रहीमसाहेबांनी मुलांकडं एकच गोष्ट मागितली: हे सुवर्ण मला भेट द्या. आजार किती पुढं गेलाय हे तेव्हा सगळ्यांना नीट ठाऊक नसेलही. थंगराज तापानं आजारी होता, आधीच्या सामन्यांत प्रद्युत बर्मन गोलमध्ये होता. अंतिम सामन्याला रहीमसाहेबांनी थंगराजला परत आणलं. उंच कोरियनांसमोर उंच गोलकीपर हवा, हा हिशोब. मधल्या फळीत गोव्याचा फॉर्च्युनॅटो फ्रँको आणि प्रशांत सिन्हा, बचावात मुंबईच्या कॅल्टेक्सकडून खेळणारा चंद्रशेखर, पुढं पी. के. बॅनर्जी, कप्तान चुनी गोस्वामी, बलराम, हैदराबादचा युसूफ खान आणि डोक्याला पट्टी बांधलेला जर्नेल. पहिल्या वीस मिनिटांतच पी. के. आणि जर्नेलचे दोन गोल. शेवटी शेवटी कोरियानं एक फेडला. 2-1. ज्या संघानं काही दिवसांपूर्वी हरवलं होतं त्यालाच हरवून सुवर्ण. आशियाई खेळांत फुटबॉलचं सुवर्ण त्यानंतर आपल्याला आजवर मिळालेलं नाही. 1970 ला बँकॉकमध्ये एक कांस्य आलं, तेव्हाचा कप्तानही हैदराबादचाच, सय्यद नईमुद्दीन.

जकार्ताहून आल्यावर रहीमसाहेब फार दिवस राहिले नाहीत. 11 जून 1963 रोजी त्यांचा इंतकाल झाला. वय 53. हैदराबादचं फुटबॉल त्यांच्यामागं हळूहळू उतरणीला लागलं.

पुरस्कारांचं म्हणाल तर खाशाबांना उशिरा का होईना, मरणोत्तर अर्जुन पुरस्कार मिळाला. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार 1985 ला सुरू झाला, रहीमसाहेब जाऊन तेव्हा बावीस वर्षं झाली होती. दोन आशियाई सुवर्णं आणि ऑलिम्पिकची उपांत्य फेरी पदरात असूनही त्यांचं नाव त्या यादीत नाही. त्यांचा मुलगा हकीम हवाई दलात अधिकारी झाला, आंतरराष्ट्रीय पंच झाला आणि पुढं बापासारखाच प्रशिक्षक. मुंबईच्या महिंद्रा अँड महिंद्रा संघाला त्यांनी 1998 चा ड्युरँड कप जिंकून दिला, अंतिम फेरीत ईस्ट बंगालला हरवून. 2017 चा ध्यानचंद पुरस्कार हकीम यांना मिळाला. वडिलांना सरकारनं काही दिलं नाही, ही खंत ते शेवटपर्यंत बोलून दाखवत. ऑगस्ट 2021 मध्ये तेही गेले. वडिलांवरचा 'मैदान' हा हिंदी सिनेमा तेव्हा रखडलेला होता. तो लागला 2024 च्या ईदला.