विश्लेषण : गाडीचा विषारी धूर निवळणारे यूजीन हूड्री कोण होते? त्यांचे काम चार बोल्टवर का अडते?

मुखेडहून देगलूर, उदगीर किंवा नांदेडकडे निघालेली गाडी गतिरोधकावर खालून घासते, सायलेन्सर फटफट वाजू लागतो आणि मालक गॅरेज गाठतो. दहा मिनिटांत बोल्ट आवळले जातात. आवाज थांबला की काम झाले, असे समजले जाते. पण आवाज थांबणे आणि जोड हवाबंद होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंजिन आणि सायलेन्सर यांच्यामध्ये एक पत्र्याचा डबा असतो. गॅरेजमध्ये त्याला ‘कॅट-कॉन’ म्हणतात, पूर्ण नाव कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. हा डबा ज्यांच्या प्रयत्नांतून गाडीपर्यंत पोहोचला, ते फ्रेंच अभियंता यूजीन हूड्री यांना तो रस्त्यावरच्या सर्वसामान्य गाड्यांत बसलेला पाहता आला नाही. आज तो जवळपास प्रत्येक नव्या पेट्रोल गाडीत आहे, पण जोडावरच्या ढिल्या किंवा अति आवळलेल्या बोल्टमुळे त्याचे काम वाया जाऊ शकते.

कोण होते यूजीन हूड्री?

हूड्री यांचा जन्म 18 एप्रिल 1892 रोजी पॅरिसजवळच्या डोमाँ या गावी झाला. वडिलांचा पोलादाचा व्यवसाय होता. यूजीन यांनी पॅरिसमध्ये यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. 1911 मध्ये ते वर्गात पहिले आले आणि त्यांना सुवर्णपदक मिळाले. त्यानंतर ते घरच्या कारखान्यात रुजू झाले. रसायनशास्त्र हा त्यांचा मूळ विषय नव्हता. ते यंत्रांचे माणूस होते.

पहिल्या महायुद्धात ते फ्रान्सच्या रणगाडा दलात अधिकारी होते. रणगाडा हे तेव्हा नवे वाहन होते आणि ते वारंवार बंद पडे. 1917 मध्ये ज्युव्हँकूरच्या लढाईत शत्रूचा मारा चालू असताना त्यांनी नादुरुस्त रणगाड्यांच्या दुरुस्तीची व्यवस्था लावली. त्यात ते गंभीर जखमी झाले. या कामगिरीबद्दल त्यांना ‘क्रुआ द गेर’ हा शौर्य सन्मान मिळाला.

पेट्रोलकडे ते कसे वळले?

युद्धानंतर त्यांना मोटारींच्या शर्यतींचा नाद लागला. 1922 मध्ये ते अमेरिकेत गेले, इंडियानापोलिसची प्रसिद्ध शर्यत पाहिली आणि फोर्डच्या कारखान्यालाही भेट दिली. इंजिने झपाट्याने सुधारत होती, पण इंधन मागे पडले होते. जोर लावला की हलक्या पेट्रोलवर इंजिन ठोकायचे. चांगले इंजिन हवे तर आधी चांगले पेट्रोल हवे, हे त्यांनी ओळखले.

फ्रान्सकडे स्वतःचे खनिज तेल फारसे नव्हते. म्हणून त्यांनी लिग्नाइट या हलक्या कोळशापासून पेट्रोल बनवण्याचा प्रयत्न केला. 1929 मध्ये दिवसाला 60 टन लिग्नाइटवर प्रक्रिया करणारा कारखाना उभा राहिला. पेट्रोल निघाले, पण ते परवडणारे नव्हते. सरकारने मदत थांबवली आणि प्रकल्प बंद पडला.

या अपयशातून एक गोष्ट त्यांच्या हाती राहिली, ती म्हणजे उत्प्रेरक. उत्प्रेरक म्हणजे स्वतः न संपता रासायनिक क्रिया घडवून आणणारा पदार्थ. सिलिका आणि ॲल्युमिना असलेल्या मातीसारख्या उत्प्रेरकावरून जड तेलाची वाफ नेली, तर त्यातून उत्तम पेट्रोल सुटते, हे त्यांना दिसले. मात्र काही वेळातच त्या उत्प्रेरकावर कोळशाचा थर चढे आणि तो निकामी होई. इतरांना ही अडचण इथेच अडवत होती. हूड्री यांनी तो थर हवा सोडून जाळून टाकण्याची पद्धत बसवली. उत्प्रेरक पुन्हा कामाला लागे आणि जळण्यातून मिळालेली उष्णताही वापरता येई.

अमेरिकेत काय घडले?

1930 मध्ये व्हॅक्यूम ऑइल या अमेरिकन कंपनीने त्यांना बोलावून घेतले. पण मंदी आली, कंपनीचे विलीनीकरण झाले आणि पैसा आटला. 1933 मध्ये सन ऑइल कंपनी त्यांच्या मागे उभी राहिली. 1937 मध्ये पेनसिल्व्हेनियातील मार्कस हुक येथे मोठा प्रकल्प सुरू झाला. तिथल्या उत्पादनात जवळपास निम्मा वाटा चांगल्या प्रतीच्या पेट्रोलचा होता. केवळ उष्णतेवर चालणाऱ्या जुन्या पद्धतीत हे प्रमाण साधारण चतुर्थांश होते.

लवकरच दुसरे महायुद्ध पेटले. लढाऊ विमानांना उच्च प्रतीचे पेट्रोल लागे आणि ते मोठ्या प्रमाणावर देण्याची ताकद हूड्री यांच्या पद्धतीत होती. इकडे फ्रान्स जर्मनीपुढे कोसळला होता. तिथल्या व्हिशी सरकारला हूड्री यांनी जाहीर विरोध केला आणि अमेरिकेत द गॉल यांच्या बाजूने काम केले. 1941 मध्ये व्हिशी सरकारने त्यांचे नागरिकत्व काढून घेतले. 1942 मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले.

मग लक्ष धुराकडे का गेले?

युद्धानंतर अमेरिकेत गाड्यांची संख्या वेगाने वाढली. लॉस एंजेलिससारख्या शहरांवर धुरक्याची चादर पसरू लागली. ज्या माणसाने गाड्यांना भरपूर पेट्रोल मिळवून दिले होते, त्यालाच आता त्या पेट्रोलच्या धुराची काळजी लागली. फुफ्फुसाच्या कर्करोगाचा आणि दूषित हवेचा संबंध असावा, या शंकेने त्यांना घेरले. त्यांनी ‘ऑक्सी-कॅटॅलिस्ट’ नावाची कंपनी काढली.

कल्पना जुनीच होती, वापर नवा. उत्प्रेरक तेलाच्या वाफेवर चालतो, तर धुरावर का चालू नये? इंजिनातून न जळलेले इंधन आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू बाहेर पडतो. तापलेल्या उत्प्रेरकावरून प्राणवायूसह तो नेला, तर त्याचे कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याच्या वाफेत रूपांतर होते. 1956 मध्ये त्यांना अशा रचनेचे अमेरिकन पेटंट मिळाले.

शोध लागला, तरी गाडीत का बसला नाही?

आडवे आले ते शिसे. 1920 च्या दशकापासून इंजिनाची ठोक थांबवण्यासाठी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळले जाई. धुरातून आलेले शिसे उत्प्रेरकावर बसे आणि त्याला निकामी करी. तेलाच्या कारखान्यात चढणारा कोळशाचा थर हूड्री यांना जाळून टाकता आला होता. शिसे तसे जळून जात नाही. त्यामुळे हे तंत्र कारखान्यांच्या धुरापुरते आणि बिनशिशाच्या इंधनावर चालणाऱ्या, गोदामातील मालवाहू गाड्यांपुरते राहिले.

18 जुलै 1962 रोजी, वयाच्या 70 व्या वर्षी हूड्री यांचे निधन झाले. 1970 मध्ये अमेरिकेने हवेच्या प्रदूषणाचा कायदा कडक केला, बिनशिशाचे पेट्रोल पंपांवर आले आणि 1975 च्या मॉडेलपासून तिथल्या बहुतेक नव्या मोटारींत कन्व्हर्टर बसू लागला. तोवर हूड्री यांना जाऊन तेरा वर्षे झाली होती.

भारतात मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना 1 एप्रिल 1995 पासून कन्व्हर्टर सक्तीचा झाला. देशभर शिसेमुक्त पेट्रोल 2000 च्या सुरुवातीला आले. एप्रिल 2020 पासून बीएस-6 मानक लागू झाले. आता डिझेल गाड्यांतही उत्प्रेरक आणि काजळी अडवणारी गाळणी असते.

शिसे गेले, मग आता अडचण काय?

कन्व्हर्टरच्या आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांसारख्या मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. ही जाळी साधारण 250 ते 300 अंश सेल्सिअसला तापल्यावर काम सुरू करते. तिच्या आधी ऑक्सिजन सेन्सर असतो. धुरात प्राणवायू किती उरला आहे हे तो मोजतो आणि त्यावरून इंजिनाचा संगणक पेट्रोलचे प्रमाण ठरवतो.

सेन्सरच्या आधीचा एखादा जोड सैल असेल, तर तिथून धूर बाहेर येतो, तशी बाहेरची हवाही आत ओढली जाते. कारण इंजिनाचा धूर सलग वाहत नाही, ठोक्याठोक्याने येतो. दोन ठोक्यांच्या मध्ये दाब पडतो आणि फटीतून हवा आत शिरते. सेन्सरला प्राणवायू जास्त दिसतो, संगणक पेट्रोल वाढवतो. ॲव्हरेज पडते. जादा पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि जाळी वितळण्यापर्यंत वेळ येऊ शकते. अशा गळतीमुळे पीयूसीच्या यंत्रावरचा आकडाही भरवशाचा राहत नाही.

सर्वांत मोठा धोका माणसाला आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. इंजिनाजवळचा जोड गळत असेल, तर काचा बंद असलेल्या गाडीतही हा वायू शिरू शकतो. डोके जड होणे, मळमळणे, गुंगी येणे ही लक्षणे प्रवासाचा थकवा समजून दुर्लक्षिली जातात.

मग जोर लावून घट्ट आवळावे का?

नाही. बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो आणि रबरासारखा मागे येऊ पाहतो. ही ओढच दोन पत्रे आणि मधले पॅकिंग दाबून धरते. ताण कमी असेल तर जोड गळतो. मर्यादेबाहेर गेला तर बोल्ट कायमचा लांबतो, आटे जातात किंवा स्टड तुटतो. फ्लँजही वाकतो आणि बोल्टच्या मधोमध फट पडते.

इथे उष्णतेचा खेळही असतो. इंजिनाचे हेड बहुधा ॲल्युमिनियमचे आणि मॅनिफोल्ड अनेकदा बिडाचे असते. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. रोजच्या तापण्या-निवण्यात आधीच अति ताणलेला स्टड सर्वांत आधी तुटतो. तो हेडमध्येच तुटला, की काही रुपयांच्या नटाचे काम हजारांत जाते.

किती आवळायचे, हे टॉर्कमध्ये मोजतात आणि त्याचे एकक न्यूटन-मीटर आहे. 25 सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण 10 किलो वजनाइतका जोर लावला, की 25 न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो. त्याच पान्याला पाइप लावून लांबी दुप्पट केली, तर हाताचा जोर तेवढाच राहूनही टॉर्क 50 होतो. पाइप लावून ओढलेला बोल्ट हाताला ‘बसला’ वाटतो, पण तो आतून संपलेला असू शकतो.

योग्य पद्धत कोणती?

- काम थंड इंजिनवर करावे. गंजलेल्या नटावर आधी गंज सोडवणारे तेल टाकून थांबावे.
- दोन्ही पृष्ठभाग घासून साफ करावेत. पॅकिंग नवेच घालावे. एकदा दाबलेले पॅकिंग पुन्हा तसे बसत नाही.
- सगळे नट आधी हाताने लावावेत. नळी रबरी हँगरवर सरळ बसवावी आणि मग इंजिनाकडून मागे आवळत यावे. वाकड्या नळीला बोल्टने ओढून जागेवर आणू नये.
- एक बोल्ट पूर्ण आवळून मग दुसरा, असे करू नये. चार बोल्ट असतील तर समोरासमोर, मॅनिफोल्डला बहुधा मधून बाहेर. आधी निम्मा जोर, मग पाऊण, मग पूर्ण. कंपनीने वेगळा क्रम दिला असेल तर तोच पाळावा.
- शेवटचा जोर टॉर्क पान्याने द्यावा. आकडा त्याच गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यावा. एका गाडीचा आकडा दुसरीला चालत नाही.
- आट्यांना मनाने तेल किंवा ग्रीस लावू नये. घर्षण कमी झाल्याने त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो.
- स्प्रिंग असलेला बोल्ट त्याच्या खांद्यापर्यंतच बसवावा. स्प्रिंग पूर्ण दाबली, तर नळीला हलायला जागा राहत नाही आणि ती तडकते.
- ऑक्सिजन सेन्सरच्या टोकाला हात, तेल, ग्रीस काहीही लागू देऊ नये.
- शेवटी गाडी मोकळ्या जागेत सुरू करावी आणि नळी तापण्याआधी जोडांवर साबणाचे पाणी शिंपडावे. बुडबुडे आले, तर जोड गळतो आहे.

गाडीमालकाने काय विचारावे?

सायलेन्सरचे काम झाल्यावर तीन प्रश्न पुरेसे आहेत. पॅकिंग नवे घातले का? टॉर्क पाना वापरला का? साबणाच्या पाण्याने जोड तपासला का? कन्व्हर्टर काढून सरळ पाइप टाकण्याचा सल्ला मिळाला, तर तो नाकारावा. हूड्री यांच्या हयातीत त्यांच्या उत्प्रेरकाला शिशाने हरवले आणि ते शिसे पेट्रोलमधून जायला कायदा बदलावा लागला. जोडाची गळती थांबवायला मात्र साफ केलेला फ्लँज, नवे पॅकिंग आणि नीट आवळलेले चार बोल्ट एवढेच लागते.