आधी स्वतः पुढे!

मैत्रिणींनो, मुंबईकरांच्या युद्धनिधीतून हवाई दलाला मिळालेली लायसँडर विमानं होती टेहळणीची, अगदी संथ. फेब्रुवारी १९४२ मध्ये ती घेऊन करुण कृष्ण मजुमदार, म्हणजे सगळ्यांचे 'जंबो', ब्रह्मदेशात टौंगूला पोचले, तोच जपान्यांनी तळावर बॉम्ब टाकले. जंबो काही गप्प बसणारे नव्हेत. दुसऱ्याच दिवशी त्यांनी लायसँडरला बॉम्ब बांधले नि सहकाऱ्यांना न पाठवता आधी स्वतः थायलंडमधल्या शत्रूच्या तळावर चालून गेले. सोबतीला फक्त दोन लढाऊ विमानं! नेम लागला. मग सगळी तुकडीच निघाली. जंबोंना 'डीएफसी' हा शौर्यसन्मान मिळाला. पुढे १९४४ च्या फ्रान्सवरील उड्डाणांसाठी पुन्हा एकदा. युद्धातून सुखरूप परतले, पण फेब्रुवारी १९४५ मध्ये लाहोरला हवाई कसरती करताना विमान कोसळलं. वय अवघं ३१.