बेकलँड आणि आमची पऱ्हाटी

आमच्या चौसाळ्यात कापूस संपला की पऱ्हाट्या चुलीत जातात, नाहीतर रानातच पेटवतात. पॉलिमर शिकताना मला त्या आठवल्या, त्या लिओ बेकलँड यांच्यामुळे.

१८६३ साली बेल्जियममधील गेंट येथे बूट शिवणाऱ्याच्या घरी ते जन्मले. शिष्यवृत्तीवर शिकले, १८८९ मध्ये अमेरिकेत गेले. १९०७ मध्ये फिनॉल व फॉर्मल्डिहाइडपासून त्यांनी बेकलाइट बनवले. पण नुसते रेझिन ठिसूळ! लाकडाची भुकटी मिसळून, उष्णता व दाब दिला तेव्हा ते मजबूत झाले, कारण लाकडाचे तंतू तडा पसरू देत नाहीत. घरातले जुने काळे स्विच त्याचेच. १९४४ मध्ये बेकलँड गेले.

मुंबईच्या सिरकॉट या कापूस संशोधन संस्थेने तर पऱ्हाटीचेच रेझिन घातलेले बोर्ड बनवून दाखवलेत. यंदा रानात काडी ओढताना माझा हात थांबला.