मोजपट्टीचा गुप्तहेर

गुप्तहेर म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर अजूनही बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार उभा राहतो. आमच्या गावच्या वाचनालयात त्या पुस्तकांची पाने सुटी झालेली असत आणि नेमके शेवटचेच पान गायब असे. खुनी कोण हे आम्ही पोरे पारावर भांडून ठरवत असू. वेषांतर, पिस्तूल आणि भरधाव मोटार एवढे जमले की माणूस गुप्तहेर झाला, अशी माझी पक्की समजूत होती. कॉलेजच्या ग्रंथालयात आल्फोन्स बर्टिलॉनची हकिगत हाती लागली आणि त्या समजुतीला तडा गेला. कारण पोलिसांत शिरला तेव्हा हा गृहस्थ साधा कारकून होता.

बर्टिलॉनचा जन्म १८५३ चा, पॅरिसचा. घर विद्वानांचे. वडील डॉक्टर, संख्याशास्त्रज्ञ आणि मानवशास्त्राचे अभ्यासक. आजोबांनी तर लोकसंख्येच्या शास्त्राचे बारसे केलेले. थोरला भाऊ जाक हाही पुढे संख्याशास्त्रात नावाजला. अशा घरात आल्फोन्स मात्र वाया गेलेला ठरला. शाळांनी काढून टाकले, बँकेत टिकला नाही, परदेशी शिकवण्या करून झाल्या, सैन्यात जाऊन झाले. अखेर १८७९ साली वडिलांच्या वशिल्याने त्याला पॅरिसच्या पोलीस कचेरीत नोकरी लागली. (माझ्याआधी आमच्या घरातून कॉलेजची पायरी कोणी चढलेले नाही. त्यामुळे विद्वान बापाचा मुलगाही नापास होतो हे वाचून, खोटे कशाला बोलू, मला बरे वाटले.)

काम काय, तर पकडलेल्या माणसांची वर्णने कार्डांवर उतरवणे. मध्यम उंची, साधारण चेहरा. पुढचाही मध्यम, साधारण. अशी हजारो कार्डे कपाटांत पडलेली आणि त्यांतून कोणी सापडण्याची आशा नाही. फ्रान्समध्ये गुन्हेगाराला डागण्याची शिक्षा १८३२ सालीच बंद झाली होती. त्यामुळे सराईत चोर नवे नाव सांगे आणि हा आपला पहिलाच गुन्हा म्हणून गयावया करी. इतर कारकून मुकाट्याने नक्कल करत राहिले. बर्टिलॉनला मात्र या निरर्थक कामाची चीड आली. मला वाटते, त्याच्यातला गुप्तहेर त्या चिडीतून जन्माला आला.

घरी लहानपणापासून कवट्या आणि मोजमापे यांचीच चर्चा त्याच्या कानांवर पडलेली होती. माणूस पुरा वाढला की त्याच्या हाडांची मापे सहसा बदलत नाहीत, हे त्याला तिथेच कळले होते. त्याने डोक्याची लांबी-रुंदी, डाव्या हाताचे मधले बोट, डावे पाऊल, कोपरापासूनचा हात, अशी ११ मापे निवडली. एक माप चारांत एकाशी जुळेल असे धरले, तर ११ मापे एकदम जुळणारा माणूस सुमारे ४२ लाखांत एक. पण त्याची खरी करामत पुढे आहे. प्रत्येक मापाचे लहान, मध्यम आणि मोठे असे तीन गट पाडून त्याने कार्डे खणांत लावली. त्यामुळे हजारो कार्डांतून हवे ते थोड्या वेळात हाती येऊ लागले. नुसते टिपून ठेवणे निराळे आणि वेळेवर सापडणे निराळे. परीक्षेच्या आदल्या रात्री माझ्या वह्यांनी मला हे शिकवले आहे.

पोलीस प्रमुखांना त्याचा अहवाल वेडगळ वाटला. नवे प्रमुख आले तेव्हा १८८२ च्या अखेरीस त्याला तीन महिन्यांची मुदत मिळाली. एवढ्या दिवसांत एकच माणूस सुटून, पुन्हा गुन्हा करून, पुन्हा पकडला जाणे कठीणच! पण फेब्रुवारी १८८३ मध्ये नाव बदलून आलेला एक चोर मापांवरून ओळखला गेला. त्याच महिन्यात त्याचे वडील वारले.

पुढे कीर्ती आली. समोरून एक आणि बाजूने एक असा कैद्याचा फोटो काढण्याची शिस्त त्यानेच लावली. १८९२ साली पॅरिसमध्ये बॉम्ब उडवणारा राव्हाशोल जुन्या मापांवरून ओळखला गेला. त्याची पद्धत बंगालच्या पोलिसांपर्यंतही पोचली.

आणि १८९४ साली त्याचा तोल गेला. जर्मनांना गुपिते विकणारी एक चिठ्ठी सापडली होती व संशय द्रेफ्यूस या ज्यू कॅप्टनवर होता. बर्टिलॉन हस्ताक्षरतज्ज्ञ नव्हता, तरी त्याने मत दिले. अक्षर जुळत नव्हते तिथे, द्रेफ्यूसने मुद्दाम स्वतःच्याच अक्षराची नक्कल केली, असे त्याने ठरवले. म्हणजे जुळले तरी दोषी, न जुळले तरी दोषी! निरपराध माणूस डेव्हिल्स आयलंडवर खितपत पडला. चिठ्ठी एस्तरहाझीची असल्याचे उघड झाल्यावरही, १८९९ च्या फेरखटल्यात बर्टिलॉन तेच सांगत राहिला. १९०४ साली प्वँकारेसारख्या गणितज्ञांनी त्याची आकडेमोड खोडून काढली आणि १९०६ मध्ये द्रेफ्यूस निर्दोष ठरला. बर्टिलॉनने चूक कबूल केली नाही. ज्या हट्टाने त्याने तीन महिन्यांत बाजी मारली, तोच हट्ट इथे आंधळा झाला. स्वतःच्या निष्कर्षावर काट मारता येणे, हे मोजपट्टीपेक्षा अवघड असावे.

इकडे कलकत्त्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी, एडवर्ड हेन्रीच्या हाताखाली, बोटांच्या ठशांची वर्गवारी बसवली व १८९७ मध्ये तिथे ठशांची कचेरी निघाली. बर्टिलॉनने आपल्या कार्डांवर ठसे घेतले; १९०२ साली एक खुनी त्यांवरूनच पकडला. पण मापांचे पहिले स्थान त्याने सोडले नाही. १९११ मध्ये लूव्हरमधून मोनालिसा चोरीला गेली. चोराच्या अंगठ्याचा ठसा काचेवर होता, आणि चोराचे कार्डही कपाटात होते. पण कपाटे मापांप्रमाणे लावलेली! नुसत्या अंगठ्यावरून माणूस सापडेना. चित्र डिसेंबर १९१३ मध्ये फ्लॉरेन्समध्ये मिळाले ते चोराच्याच हलगर्जीने. दोन महिन्यांनी, फेब्रुवारी १९१४ मध्ये, बर्टिलॉन गेला.

माझी आई अंगठा उठवते. प्रवेशाच्या वेळी एका कागदावर तिने तो उठवला, तेव्हा टेबलामागचा माणूस हसला होता आणि मीही मान खाली घातली होती. हे वाचल्यावर सुट्टीत मी भिंग घेऊन तिचा अंगठा पाहिला. चक्र आहे की शंख, काही ठरवता येईना. खुरप्याने रेषाच झिजल्या आहेत. रेशनच्या दुकानातल्या यंत्रालाही त्या दिसत नाहीत. तिथे ती अंगठा पदराला पुसते आणि पुन्हा ठेवते.