एका वर्षासाठी गेलेले डॉक्टर

मंडळी, आपल्यापैकी बहुतेकजण इथे दोन-तीन वर्षांसाठीच आलो होतो, बरोबर ना? आम्हा आयटीवाल्यांत यावर एक जुना विनोद आहे. परत कधी जाणार, याचं उत्तर म्हणजे एक्स इज इक्वल टू एक्स प्लस वन. दरवर्षी प्रोग्रॅम तीच ओळ पुन्हा चालवतो आणि उत्तर येतं पुढच्या वर्षी! मी स्वतः अठरा महिन्यांच्या प्रोजेक्टवर अमेरिकेत आलो, त्याला आता नऊ वर्षं झाली. माझं गाव सोलापूर. आमच्याच सोलापूरचा एक तरुण डॉक्टर असाच एका वर्षासाठी परदेशी गेला आणि परत आलाच नाही. अर्थात त्याचं कारण ग्रीन कार्ड नव्हतं.

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. भैय्या चौकाजवळच्या त्यांच्या घरावरून मी लहानपणी सायकलने शेकडो वेळा गेलो असेन. पण माहिती किती? शाळेत ऐकलेल्या चार ओळी आणि व्ही. शांताराम यांचा १९४६चा 'डॉ. कोटनीस की अमर कहानी'. सिनेमात ते पहिल्या रिळापासून हीरो आहेत. इथे आल्यावर मात्र मला वेगळंच कुतूहल वाटू लागलं. ओळखीचं कोणी नाही, भाषेचा गंध नाही, असे पहिले काही महिने या माणसाने कसे काढले असतील? मग मिळेल ते वाचत गेलो.

जन्म १० ऑक्टोबर १९१०, सोलापूरचा. दोन भाऊ, पाच बहिणी, मोठं कुटुंब. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले आणि पुढच्या शिक्षणाच्या तयारीत होते. इकडे जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर पूर्ण ताकदीने आक्रमण केलं. चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर आणि औषधं मागितली. १९३८ साली सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी आवाहन केलं, 'चीन दिन' पाळून निधी जमवला गेला. २२,००० रुपये आणि एक अॅम्ब्युलन्स एवढी तयारी झाली. आपला देशच अजून स्वतंत्र नव्हता, हे लक्षात घ्या!

निवड झाली पाच जणांची. प्रमुख अलाहाबादचे डॉ. अटल, जे आधी स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आले होते. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि आपले कोटणीस. वडिलांचा पाठिंबा मिळाला. चीन म्हणजे काय, हे घरात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. दारावर चिनी रेशीम विकायला फेरीवाले यायचे, तेवढीच ओळख, असं त्यांच्या धाकट्या बहिणीने पुढे सांगितलं आहे. १ सप्टेंबर १९३८ ला 'राजपुताना' बोटीने पाचही जण मुंबईहून निघाले. कोटणीस तेव्हा सत्तावीस वर्षांचे. मुदत ठरली होती एक वर्ष.

सप्टेंबरच्या मध्यावर ते कँटनला, म्हणजे आजच्या ग्वांगचौला, उतरले. स्वागताला सन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग छिंग-लिंग स्वतः आल्या होत्या. पण हा थाट काही फार टिकला नाही. तिथून ते हांकौला पोचले, इस्पितळात कामाला लागले आणि जपानी फौज जवळ येऊ लागली. ऑक्टोबरच्या अखेरीस कँटनही पडलं आणि हांकौही. पथकाला यांगत्से नदीने वर सरकावं लागलं, आधी यिचांग आणि मग थेट चुंगकिंग. उपचार करायला आलेले डॉक्टर पहिले तीन महिने मुख्यतः प्रवास आणि माघारच करत होते.

चुंगकिंगला तर नुसती वाट बघणं! त्यांना जायचं होतं उत्तरेला येनानला, जिथे आठव्या मार्ग सेनेला डॉक्टरांची सगळ्यात जास्त गरज होती. पण ती सेना कम्युनिस्टांची, आणि चुंगकिंगचं सरकार च्यांग कै-शेक यांचं. दोघे जपानविरुद्ध एकत्र असले तरी एकमेकांवर भरवसा नव्हता. त्यामुळे परवाने लवकर मिळेनात. व्हिसाच्या शिक्क्यासाठी पासपोर्ट पाठवून घरी बसलेल्यांना ही अवस्था वेगळी समजावून सांगायला नको. मात्र आपल्या खिडकीबाहेर बॉम्ब पडत नसतात.

याच मुक्कामात त्यांना चिनी नावं मिळाली. शांतिनिकेतनच्या चीना भवनाचे प्रमुख तान युन-शान तेव्हा तिथे होते, त्यांनी ती दिली. प्रत्येकाच्या नावाशी जुळणारी चिनी अक्षरं घेऊन शेवटी 'हुआ' जोडलं. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले के दिहुआ आणि बसू झाले बा सुहुआ. माझ्या टीममध्ये हपै प्रांतातला एक सहकारी आहे. मी त्याला कोटणीस हे नाव तीनदा सांगून पाहिलं, चेहरा कोराच. के दिहुआ म्हटल्याबरोबर गडी खुर्चीतून उठलाच! शाळेत त्यांच्यावर धडा होता म्हणे.

परवाने हातात आले जानेवारी १९३९ मध्ये. नेमकी त्याच सुमारास सोलापूरहून बातमी आली, वडील गेले.

इथे मी वाचताना थांबलो. चार वर्षांपूर्वी मलाही रात्री दोन वाजता असाच फोन आला होता. मिळेल ती फ्लाइट पकडली, मुंबईहून टॅक्सी केली, तरी पोचेपर्यंत काकांनी सगळं उरकलं होतं. आईला भेटलो, दिवसांपर्यंत राहिलो, एवढं तरी झालं. कोटणीसांना परत जायची मोकळीक होती, कुणी नावं ठेवली नसती. मागे आई आणि एवढं मोठं घर. तरी ते गेले नाहीत. घेतलेलं काम अजून सुरूच झालेलं नाही, ते सोडून कसं जायचं, असा त्यांचा विचार होता. खरं सांगू? हा निर्णय मला आजही पूर्णपणे पचत नाही. आदर वाटतो, पण सोलापुरातल्या त्या माउलीचा विचार मनातून जात नाही.

१२ फेब्रुवारी १९३९ ला पथक येनानला पोचलं. गाव बॉम्बफेकीत मोडून गेलेलं, माणसं पिवळ्या मातीच्या डोंगरात खोदलेल्या गुहांमध्ये राहत होती. इस्पितळही गुहांमध्येच. सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या माणसाला तिथली थंडी, आणि जेवायला ज्वारीच्या भाकरीऐवजी राळ्याची पेज! माओंसकट सगळ्या पुढाऱ्यांनी स्वागत केलं, पण दुसऱ्या दिवशी पेशंट समोर आल्यावर दुखतंय कुठे हे विचारायलाही दुभाषा लागणार. कोटणीसांनी चिनी शिकायचा ध्यासच घेतला. आधी बोलणं, मग अक्षरं. पुढे दोनेक वर्षांत ते चिनीतून शस्त्रक्रिया शिकवू लागले. इतकी वर्षं इथे राहून शेजारच्या मेक्सिकन कुटुंबाशी मी स्पॅनिशमध्ये फक्त ओला म्हणतो, तेव्हा मी यावर अधिक बोलू नये हे बरं.

ठरलेलं वर्ष संपत आलं. चोळकर आणि मुखर्जी १९३९ मध्येच परतले. अटल यांना त्वचारोगाने हैराण केलं, तेही १९४० मध्ये निघाले. बसू येनानला राहिले. शत्रूच्या पिछाडीला, उत्तर चीनच्या डोंगराळ आघाडीवर भारतीय म्हणून उरले एकटे कोटणीस. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून याच भागात काम करताना रक्तदोष होऊन नोव्हेंबर १९३९ मध्ये वारले होते. त्यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक म्हणून जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांची नेमणूक झाली.

त्याआधी १९४० च्या मोठ्या चढाईत चिनी नोंदींनुसार १३ दिवसांत ८०० जखमी आले आणि त्यांनी ५५८ शस्त्रक्रिया केल्या. आकडा वाचून मी कॅल्क्युलेटर काढला. रोजच्या त्रेचाळीस! आजूबाजूची माणसं त्यांना प्रेमाने 'काळी आई' म्हणायची, असंही वाचलं. रंगावरून पडलेलं नाव असणार. पण आपल्याकडे काळी आई कशाला म्हणतात ते त्यांना कुठे ठाऊक? कोटणीसांना मात्र ठाऊक होतं.

नोव्हेंबर १९४१ मध्ये त्यांनी तिथल्याच परिचारिका आणि शिक्षिका क्वो छिंग-लान यांच्याशी लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. नाव ठेवलं यिनहुआ, यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. तोपर्यंत मिरगीच्या झटक्यांनी कोटणीसांना ग्रासलं होतं. उपचारासाठी दुसरीकडे जा, असं सगळे सांगत होते, पण त्यांनी आघाडी सोडली नाही. ८ डिसेंबर १९४२ च्या रात्री ते विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेचं पुस्तक लिहीत बसले होते, चिनीतून. तेव्हाच झटका आला. ९ तारखेला पहाटे ते गेले. वय बत्तीस. मुलगा साडेतीन महिन्यांचा.

यिनहुआही वैद्यकीय शिक्षण घेत होता, पण १९६७ मध्ये तोही ऐन विशीत गेला. छिंग-लान मात्र २०१२ पर्यंत जगल्या. नवऱ्याचा देश, त्याची भावंडं यांना भेटायला त्या अनेकदा भारतात आल्या. भैय्या चौकाजवळचं घर आता स्मारक झालं आहे. मागच्या खेपेला मुलाला घेऊन गेलो होतो. फोटोतल्या चिनी बाईंकडे बघून तो म्हणाला की या आपल्या सोलापूरच्या कोण. मी त्याला सांगितलं, सोलापूरच्या सूनबाई.